आमच्या नावाने सूझाला परत पाठवू नका

(वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुले पत्र)

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्या वाचनालयात चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्यावर माझं व्याख्यान व्हायचं होतं. दारातल्या फळ्यावर तसं लिहिलं होतं, अक्षरही माझंच होतं. बुधवारी दुपारी शिपायाचा फोन आला, "बाईनू, ता शनिवारचा रद्द झाला. फळो पुसू काय?" पूस म्हटलं. दुसऱ्या दिवशी आपलं पत्र आलं. त्यात दोनच वाक्यं होती. पहिलं असं : 'विषयाचे स्वरूप पाहता भगिनीवर्गास अवघडल्यासारखे होईल, सबब व्याख्यान तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.' आणि दुसरं : 'आपली इच्छा असल्यास कोकणच्या या सुपुत्राच्या यशोगाथेवर, चित्रे न दाखवता, अर्धा तास बोलता येईल.'

मी उत्तर दिलं. ते आवक नोंदवहीत चढलं आणि तिथेच राहिलं. महिना झाला, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. यापुढे 'आपण' सोडून 'तुम्ही' लिहीन. सरकारी 'आपण'मध्ये कोण कोणाशी बोलतंय तेच हरवतं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. ३१ वर्षं मी या तालुक्यात चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला पोरं बसवली, पावसाळ्यात गळक्या वर्गात स्थिरचित्राची मांडणी केली, तांब्या, नारळ आणि जास्वंदीचं फूल. माझा एक मोठा गुन्हा आहे आणि तो आता कुणाला आठवत नाही, निदान मला तसं वाटतं. १९९४ च्या सुमाराची गोष्ट. एका रापणकराचा नववीतला मुलगा स्मरणचित्राच्या वहीत चित्र काढून घेऊन आला. व्हाळावर आंघोळ करणारी बाई, पाठमोरी. ओलं लुगडं पाठीला चिकटलेलं, केस पिळताना मान एका बाजूला कललेली. रेष एका दमात ओढलेली होती, कुठे खोडरबर फिरलेलं नव्हतं. मी ते पान वर्गासमोर टरकावलं आणि त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत आली, दोन तुकडे जोडून बघितले आणि हसायलाच लागली. "ही तर मीच मा, बाईनू!" मला काही बोलता आलं नाही. मुलगा मात्र त्या वर्षी परीक्षेला बसला नाही, पुढच्या वर्षीही नाही. आज त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे फलक करतो. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या पानाचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही.

तेव्हा तुमच्या पत्रातलं ते 'अवघडल्यासारखे' मी पूर्वी स्वतः वापरून झालेलं आहे. ते बोलताना घशात काय होतं हे मला ठाऊक आहे. म्हणून रागापेक्षा ओळखीनेच लिहिते आहे. तक्रारी मात्र आहेत, आणि त्या मोजून सांगते.

पहिली तक्रार 'भगिनीवर्ग' या शब्दाची. या वर्गातल्या कुणाला तुम्ही विचारलंत? मंडळावर एकच बाई आहे आणि त्या सभेला ती नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. देवघेवीच्या टेबलाशी रोज संध्याकाळी ज्या सात-आठजणी येतात, त्यांतल्या कुणाला विचारलं नाहीत. व्याख्यान देणारी मी, तीही याच वर्गातली. मला अवघडल्यासारखं होणार होतं तर मी पंचवीस चित्रं निवडून पेनड्राइव्हवर घेतली असती का?

आणि हे आपण कुठे राहून बोलतोय? शिमग्यात आपल्या गावात काय काय ओरडलं जातं ते या पत्रात मला लिहिता येणार नाही. पण तेव्हा आम्ही बायका खळ्यात उभ्या असतो, नारळ घेऊन. जत्रेला रात्री बारानंतर दशावतार उभा राहतो. संकासूर येऊन मालवणीत जे बोलतो त्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसतात आणि मांडीवरच्या नातवाला थोपटत राहतात. पुरुष पातळ नेसून, अंबाडा घालून राणी होतो, तेव्हा त्याच्या चालण्यातल्या खोडी आम्हीच काढतो. एवढं सगळं बघितलेल्या बायका भिंतीवर पडलेल्या एका चित्राने अवघडतील, असं तुम्हाला खरंच वाटतं? मला वाटतं अवघडणार होतात तुम्ही, आणि तेही आम्ही शेजारच्या खुर्चीवर असू म्हणून. तसं असलं तर तसं लिहा. त्यात कमीपणा नाही.

वाचनालयाच्या दिवाणखान्यात 'ग्लो ऑफ होप'ची छापील प्रत आहे. हातात दिवा घेतलेली बाई, बोटांमधून उजेड गाळून येणारा. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. जलरंगात ती आच पकडणं म्हणजे काय, ते ज्याने एकदा कागद भिजवलाय त्यालाच कळेल. मी त्या चित्राच्या पाया पडते. पण ते चित्र झालं त्याच १९४० च्या दशकात दुसरा एक पोरगा बाईकडे वेगळ्या नजरेने बघत होता, आणि दिवाणखान्यात एकच नजर टांगायची असेल तर मग त्याला वाचनालय म्हणू नये.

दुसरी तक्रार यशोगाथेची. हीच खरी मोठी आहे, कारण नुसती बंदी घातली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. तुम्ही मला माणूस गाळून घ्यायला सांगितलंत. मी प्रामाणिकपणे बसले, एका कागदावर त्याचं आयुष्य मांडलं, आणि यशोगाथेत काय बसतं ते बघितलं.

जन्म १२ एप्रिल १९२४, साळगाव. बांद्याहून पत्रादेवी ओलांडून आपण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जातो, तिथून हाकेच्या अंतरावर. तान्हा असतानाच बाप गेला, मग थोरली बहीण गेली. पोराला देवी आल्या. आईने गोंयच्या सायबाला, म्हणजे जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरला, नवस बोलला. पोर जगलं, म्हणून न्यूटनच्या आधी फ्रान्सिस लागलं. इथवर सगळं बसतं. नवसाचा मुलगा आपल्याला समजतो.

मग आई त्याला घेऊन मुंबईला गेली आणि शिवणकाम, भरतकाम करून तिने पोट भरलं. हेही बसतं. पण शाळेने त्याला काढून टाकलं, संडासाच्या भिंतींवर घाण चित्रं काढतो म्हणून. तो म्हणायचा, मी फक्त दुसऱ्यांची चुकलेली चित्रं दुरुस्त केली, मला वाईट ड्रॉइंग बघवत नाही. (शिक्षिका म्हणून सांगते, हा बचाव पहिल्या दर्जाचा आहे.) हे गाळा. १९४५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढलं, ते चले जाव चळवळीत पडला म्हणून. हे ठेवा, वर झेंडाही लावा. पुढे कम्युनिस्ट झाला, हे मंडळाच्या मूडवर सोडू. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट काढला : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. ठेवा. १९४९ मध्ये त्याच्या नग्न चित्रांवरून मुंबईत अश्लीलतेचा गहजब झाला. गाळा. त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला. का गेला हे वरचं गाळल्यामुळे सांगता येणार नाही, तेव्हा 'उच्च शिक्षणासाठी' असं काहीतरी घालू या का?

लंडनमध्ये पहिली काही वर्षं हाल होते आणि बायकोच्या कमाईवर घर चाललं. सुपुत्र बायकोच्या जिवावर जगला, हे शोभत नाही, गाळा. १९५५ मध्ये त्याचा आत्मकथनपर लेख इंग्रज कवी स्टीफन स्पेंडरच्या 'एन्काउंटर' मासिकात आला आणि त्याच वर्षी गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं. हे ठेवा. लेखात काय लिहिलंय ते नको. १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' आज लंडनच्या टेट कलासंग्रहालयात आहे. ठेवा. तो ख्रिस्त मात्र दाखवू नका. काळाठिक्कर, निवडुंगासारखा काटेरी, दात विचकलेला. गोव्याच्या चर्चमधला गोरा, गुलाबी गालांचा देव ज्याने लहानपणी गुडघे टेकून पाहिला, त्यानेच हे काढलंय. लोक विचारतील, आणि विचारलं की अर्धा तास पुरणार नाही. पुढे दारू, मग दारू सुटणं. लग्नं मोडली. चाळिशी उलटल्यावर एका अगदी कोवळ्या मुलीशी लग्न, १९६७ मध्ये न्यूयॉर्क. तिथे वर्षानुवर्षं फारसं कुणी विचारलं नाही. मासिकांच्या छापील पानांवर रसायन ओतून शाई पुसायचा आणि त्यावर रेषा काढायचा. २८ मार्च २००२ ला मुंबईत गेला, शिवडीला पुरला.

हे सगळं गाळल्यावर हाताला लागते जन्मतारीख, मरणतारीख आणि लिलावाचे आकडे. आकड्यांचं तुम्हाला अप्रूप आहे, कारण पहिल्या सभेत कार्यवाहांनी तेच विचारलं होतं, "केवढ्याला जातं हो एकेक?" सांगते. त्याचं १९५५ चं 'बर्थ' हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरच्या आसपास गेलं. त्या चित्रात दिवस भरलेली उघडी बाई पलंगावर पडलेली आहे, शेजारी एक पुरुष उभा, मागे खिडकीतून गावाची छपरं. आता आकडा सांगायचा आणि बाई झाकायची, हे मला जमायचं नाही. आकडा तिचाच आहे.

मी सूझाची भक्त असते तर हे पत्र सोपं झालं असतं. लेकीकडे मुंबईला गेले असताना वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात मी त्याची मूळ चित्रं पहिल्यांदा बघितली. तोवर छापीलच बघितली होती. अंगावर काटा आला आणि रागही आला. कपाळावर डोळे, गालांवर आडव्यातिडव्या रेघा, दात म्हणजे करवत. माझ्या मनात आलं, याला कुणी बाई कधी आवडली होती का? मग त्याच हाताने त्याने पुरुषांचं काय केलं तेही आठवलं. सुटाबुटातल्या साहेबाच्या मानेत बाण घुसवलेत, पाद्र्याचे डोळे बाहेर काढलेत. म्हणजे दावा एकट्या बाईवर नव्हता. तरी मी त्याला सोडत नाही. साहेबाला, पाद्र्याला तो चेहरा वाकडा का होईना, पण ओळखीचा देतो. उघड्या बाईला पुष्कळदा तेवढाही देत नाही. बाईची त्याने देवी केली नाही हे बरंच झालं, पण माणूसही पुरतं केलं नाही. ज्या आईने सुई चालवून त्याला वाढवलं आणि ज्या बायकोने परदेशात घर चालवलं, त्या दोघींचे थकलेले हात मला त्याच्या चित्रांत शोधायचे होते. मला सापडले नाहीत. कुणाला सापडले असतील तर त्या शनिवारी त्यांनी उठून सांगायचं होतं.

हे मी बोलणार होते, चित्रं दाखवून. चित्रं काढून घेतलीत तर माझी ही तक्रार नुसती चहाडी ठरेल. न दिसणाऱ्या माणसाला नावं ठेवणं आणि न दिसणाऱ्या माणसाला हार घालणं, दोन्ही मला सारखंच वाटतं. तो गेल्याला दोन दशकांहून जास्त काळ लोटला, शंभरी भरली. आता त्याला घाबरायचं कारण नाही आणि मिरवायचंही नाही. बसून, दिवे लावून, नीट बघायला काय हरकत आहे?

तिसरी तक्रार छोटी, पण मला तीच जास्त लागली. मी वाचनालयाला दिलेली दोन चित्रपुस्तकं मुक्तद्वार कपाटातून काढून कार्यवाहांच्या खोलीत कुलपात ठेवली आहेत. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'बांधणीस' असा शेरा आहे. दोन्हींची बांधणी शाबूत आहे. बांधणीच्या नावाखाली अज्ञातवासात गेलेली पुस्तकं परत येत नाहीत, हे माझ्या वयाच्या सभासदांना माहीत आहे. आणि त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सगळे पुरुष आहेत, ते तिथे बसून पुस्तकं चाळत नसतील असं मी धरून चालते.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून लिहू की नको, ठरत नव्हतं. एका सदस्यांनी म्हणे विचारलं, "तो गोव्याचा, ख्रिस्ती. आपला कसा?" मंडळाच्या पत्रात तो 'कोकणचा सुपुत्र' आहे आणि मंडळाच्या चहापानात परका. दोन्हींतलं एक ठरवा. गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलच्या खाडीत ना पाणी विचारून वाहतं, ना मासा विचारून पोहतो. आणि आपलेपणाचंच बोलायचं तर आपण आपल्यांचं तरी काय केलं? सूझाच्याच प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले शिल्पकार सदानंद बाकरे १९७५ मध्ये विलायतेहून परत आले ते दापोली तालुक्यातल्या मुरूड-हर्णैला राहिले, २००७ मध्ये जाईपर्यंत. तीस वर्षांहून जास्त काळ ते याच किनाऱ्यावर होते. एसटीने एका दिवसात पोचण्यासारखं ठिकाण. आपल्या पहिल्या शनिवारी त्यांना कधी बोलावलं होतं का, ते जुनी इतिवृत्तं काढून बघा. मी बघितली आहेत. मलाही तेव्हा सुचलं नाही, हे मान्य.

अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडे यांची शताब्दी मात्र आपण थाटात केली. तेही १९२४ चेच. छान झाला कार्यक्रम, भजी गरम होती. त्यांच्या चित्रांत कोणी नसतंच, त्यामुळे कोणी अवघडलं नाही.

अध्यक्षसाहेब वकील आहेत, म्हणून एक कायद्याची गोष्ट. १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. सत्तर वर्षांनी मुंबईच्या कस्टमने त्याच पदमसींच्या आणि सूझाच्या मिळून सात कलाकृती अश्लील म्हणून अडकवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न चित्र म्हटलं की ते अश्लीलच, असं होत नाही, एवढं न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. तेव्हा 'उद्या कुणी तक्रार केली तर?' ही भीती तुम्हीच सगळ्यांना समजावून घालवू शकता. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

मागण्या साध्या आहेत.

व्याख्यानाची नवी तारीख द्या, पावसाळा सरायच्या आत. पंचवीसही चित्रं दाखवू द्या. शाळकरी मुलांना त्या दिवशी बसवू नये असं वाटत असेल तर फळ्यावर तशी सूचना मी स्वतः लिहीन. त्यावर माझा वाद नाही. मुलांसमोर काय कधी ठेवायचं याचा विचार करावाच लागतो, फक्त मोठ्या बायकांना मुलांत मोजू नका.

व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांना ठेवा. त्याच्या लग्नांबद्दल, मॉडेल म्हणून बसलेल्या बायकांबद्दल, त्याच्या धर्माबद्दल, काय वाटेल ते लोकांनी विचारावं. कुणाला उठून जावंसं वाटलं तर दार उघडं असेल. 'हा माणूस मला पटत नाही' असं म्हणून कुणी खाली बसलं, तरी मी व्याख्यान फसलं असं समजणार नाही.

दोन्ही पुस्तकं मुक्तद्वार कपाटात परत आणा आणि 'बांधणीस' हा शेरा खोडा.

आणि इतिवृत्तातलं 'भगिनीवर्गास अवघडल्यासारखे होईल' हे वाक्य मागे घ्या, किंवा त्या जागी ज्यांना अवघडल्यासारखं झालं त्यांची नावं लिहा. सही करायला मी पेन देते.

हे पत्र लिहून झाल्यावर मी फ्लेक्सच्या दुकानात गेले होते. म्हटलं, तारीख मिळाली तर व्याख्यानाचा एक फलक लागेल. त्याने विचारलं, चित्र कुठलं घालू? सूझाने बायकांइतकीच घरं आणि चर्चही काढली आहेत, लाल-काळी, वाकडीतिकडी, जाड रेषेतली. त्यांतलं एक मी त्याला मोबाईलवर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "रेष बघा बाईनू, कशी मारल्यान ती." मग त्याने फलकाचा दर सांगितला. मी घासाघीस केली नाही.

शनिवारी पाच वाजता मी मासिकं परत करायला नेहमीसारखी येणार आहे. तारीख तेव्हा तोंडी सांगितलीत तरी चालेल.

आपली,
एक आजीव सभासद, निवृत्त चित्रकला शिक्षिका
(जि. सिंधुदुर्ग)